गुडघ्याचं तेल आणि दुबईची बॅग

ताईने ती बाटली माझ्या काउंटरवर ठेवली तेव्हा समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. परळला हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत औषधांचं दुकान आहे, तिथे मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. सकाळचे अकरा म्हणजे ओपीडीतून सुटलेली माणसं चिठ्ठ्या हातात घेऊन रांगेत. ताई रांगेत थांबत नाही. सख्खी बहीण आत असताना रांग कसली, असं तिचं म्हणणं.

"बघ गं जरा हे," ती म्हणाली. "गुडघ्याला उत्तम आहे म्हणतात. तुम्ही का नाही ठेवत?"

बाटली बोटभर उंचीची, काळपट काचेची, बुचाला ड्रॉपर. लेबलवर सोनेरी अक्षरांत इंग्रजी नाव आणि त्याखाली सात बोटांचं हिरवं पान. ते पान मी ओळखते. रांगेतला पुढचा माणूसही ओळखत असावा, कारण त्याने आधी बाटलीकडे पाहिलं आणि मग सुती साडीतल्या, पासष्टी ओलांडलेल्या ताईकडे जरा आदराने पाहिलं.

"कुठून आणलंस?"

"लोअर परळला. मिलच्या आवारात नवीन दुकान झालंय. आमच्या वरच्या मजल्यावरची वहिनी घेऊन गेली होती. हेम्प ऑइल म्हणतात. एकदम नॅचरल."

"हेम्प म्हणजे काय ते माहीत आहे?"

"अंबाडीसारखं काहीतरी. दोरखंड करतात ना त्याचे?"

"भांगेचं झाड आहे ते, ताई. ज्याच्यापासून गांजा होतो तेच."

ताईने आधी पदर सावरला, मग मागे वळून रस्त्यावर कोणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं. गिरगावात जन्मलेली, गिरगावातच सासर मिळालेली, पोलीस चौकीची पायरी फक्त पासपोर्टसाठी चढलेली बाई. पण ती घाबरून गप्प बसणाऱ्यांतली नाही. दोन श्वासांत सावरली आणि मला म्हणाली, "मग असं उघड्यावर, एसी लावून विकतात कसे?"

त्या महिन्यात या विषयावर मी जेवढं ऐकलं त्यात शहाणपणाचा प्रश्न हा एकच.

कायद्याने या झाडाचे तुकडे पाडलेत, कोळीण सुरमईचे पाडते तसे. शेंड्याची फुलं आणि झाडाचा चीक हा गुन्हा. त्यात चर्चा नाही. बी हे अन्न. खाद्य परवाना घेऊन तेल काढा, पीठ करा, कोणी अडवत नाही. मधलं पान मात्र ना इकडचं ना तिकडचं. आयुर्वेदिक औषधाचा परवाना असेल तर त्याचा अर्क विकता येतो, तोही डॉक्टरने लिहून दिला तर. वर प्रत्येक राज्याचे आपापले नियम. आपल्याकडे साध्या भांगेच्या पानालाही परवाना लागतो. तेव्हा ‘हेम्प कायदेशीर आहे का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. कुठला तुकडा, कोणी बनवला, कोणी लिहून दिला आणि कुठे घेऊन चाललात, असं विचारायचं. ताईच्या बाटलीवर मागच्या बाजूला, मुंगीने लिहावं एवढ्या अक्षरांत उत्तर होतं: पानाचा अर्क, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावा.

"तुला डॉक्टरने लिहून दिलं?"

"दिलं की! दुकानातल्या टॅबवर, व्हिडिओ कॉलवर आले होते ते. गोड बोलले."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. त्यांना दुसरे पेशंट होते."

ताईचा उजवा गुडघा वर्षभर संपावर आहे. एरवी मी लक्ष दिलं नसतं, पण पुढच्या महिन्यात ती दुबईला जायची होती. तिच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, पहिलं बाळंतपण. तिला सासू नाही, नवरा दिवसभर कामावर. ताईने तीन महिने राहायचं, बाळाला तेल लावायचं, पाटावर पाय लांब करून बसायचं आणि त्या पायांवर पालथं घालून त्याला आंघोळ घालायची. आमच्या घरात चार पिढ्यांची पोरं अशीच न्हाली. त्यासाठी गुडघा हवा. ऑपरेशन तिने ‘आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकललेलं. म्हणून हे थेंब.

आणखी एक गोष्ट ताईने टॅबवरच्या गोड माणसाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, तेव्हापासून ती रक्त पातळ करायची गोळी घेते. हे थेंब आणि ती गोळी एकत्र म्हणजे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ व्हायची भीती. मी बाटली ड्रॉवरमध्ये टाकली, तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी थेंब ताबडतोब बंद करायला आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट ठीक आला. तिने चारच दिवस थेंब घेतले होते. ताईने त्याचा अर्थ ‘म्हणजे काही होत नाही’ असा घेतला.

त्या आठवड्यात मी तिला घेऊन त्या दुकानात गेले. गिरणीच्या चिमणीला रंग फासून तिच्याखाली कॉफी विकतात, त्याच आवारात. आत लाकडी फळ्या, कुंड्या, मंद वासाचा धूर आणि मेजावर पंधरा-वीस बाटल्या, एकेक वीतभर अंतर सोडून. दागिन्यांच्या दुकानातसुद्धा इतकी जागा मोकळी सोडत नाहीत. लिननची साडी नेसलेली पस्तिशीची बाई पुढे आली. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘वेलनेस गाइड’.

"आंटी! बसा ना. गुडघा कसाय आता?"

ताई लगेच बसली. मी उभीच राहिले.

"हे कायदेशीर आहे का?" मी बाटली दाखवून विचारलं.

"हंड्रेड परसेंट लीगल, मॅम."

"कशाखाली?"

"म्हणजे?"

"अन्न म्हणून विकता की औषध म्हणून?"

तिने जरा विचार केला. "वेलनेस म्हणून."

"वेलनेस नावाचा परवाना माझ्या पाहण्यात नाही. बनवणाऱ्याचा लायसन्स नंबर दाखवा."

तिने बाटली फिरवली, पुन्हा फिरवली. नंबर होता, पण त्यावर दुकानाने स्वतःच्या किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. मग तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "मॅम, सगळं सर्टिफाइड आहे, बघा ना." फ्रेममध्ये दुकानाच्या नोंदणीचा दाखला होता. तसला आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडेही आहे. तो त्याच्यावर भांग विकत नाही.

"लॅब रिपोर्ट?"

"कोड स्कॅन करा ना, येतो लगेच."

मी स्कॅन केला. समुद्रकिनाऱ्यावर पाय मानेमागे घेतलेली एक मुलगी आली. रिपोर्ट काही आला नाही. बाईने कुठेतरी फोन केला आणि दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर एक कागद पाठवला. बॅच नंबर बाटलीवरचा वेगळा, कागदावरचा वेगळा.

"हा दुसऱ्याच बॅचचा आहे."

"प्रॉडक्ट सेमच असतं, मॅम."

"मग दर बॅचला नंबर कशाला देतात? आणि यात नशेचं द्रव्य आहे का?"

"अजिबात नाही!"

"तुमच्याच कागदावर आहे. तिसऱ्या ओळीत."

"ते ट्रेस आहे. ते तर नॅचरली असतंच ना."

"आत्ताच अजिबात नाही म्हणालात."

ताईने माझा कोपर ओढला. "किती उलटतपासणी करशील? ती बिचारी नोकरी करतेय."

मी नोकरी करत नाही का? माझ्या नोकरीत चुकीच्या बॅचची गोळी दिली तर दुकानाला टाळं लागतं. इथे धूप लावला की झालं.

मग मी चिठ्ठी मागितली. टॅबवरच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी ताईच्या पर्समध्येच होती, चार घड्या घातलेली. तक्रार या रकान्यात लिहिलं होतं: ताण, झोप. गुडघ्याचा उल्लेख नाही. वय: सेहेचाळीस.

"सेहेचाळीस लिहिलंय?" ताईने कागद माझ्या हातातून घेतला, लांब धरून वाचला आणि पुन्हा नीट घडी घातली. "असू दे माझ्याकडे."

"यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे," मी बाईला म्हटलं. "हे कोणी विचारलं नाही?"

"फॉर्ममध्ये कॉलम असतो, मॅम. आंटींनी नो टिक केलंय."

मी ताईकडे पाहिलं.

"इतकं बारीक कोण वाचतं?" ताई म्हणाली. "मी सगळीकडेच नो केलं."

दोघींना शोभून दिसेल असा व्यवहार होता.

आम्ही निघणार एवढ्यात बाईने आवाज खाली आणला. "आंटी, ड्रॉप्स नको असतील तर बाहेरून आलेल्या गमीज आहेत. जेलीच्या गोळ्या असतात तशा. काउंटरवर नाही ठेवत आम्ही. एक खाल्ली की मस्त झोप." ज्या वस्तूसाठी आवाज खाली आणावा लागतो ती शंभर टक्के लीगल नसते, एवढं कळायला फार्मसीची पदवी लागत नाही. मी तसं म्हटलं. बाईने हसून विषय बदलला आणि उघडलेली बाटली परत घेऊन त्याऐवजी हेम्पच्या बियांचं तेल दिलं. मोठी बाटली, मागे खाद्य परवान्याचा नंबर ठळक छापलेला, बनवल्याची तारीख, संपायची तारीख, बॅच. तिथल्या पंधरा-वीस बाटल्यांत हीच एक मला सरळ दिसली.

"हे तरी चालेल ना तुला?" ताईने विचारलं.

"चालेल. कोशिंबिरीवर घाल. गुडघ्याला गोडेतेलाइतकाच उपयोग."

"बघू," ताई म्हणाली. तिच्या ‘बघू’कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

मी एवढी का चिडले, असं ताईने परतताना विचारलं. कारण सांगायला एकच माणूस पुरेसा होता. महिन्याभरापूर्वी बाहेरगावचा एक गृहस्थ दुकानात आला होता. बायकोवर परळला उपचार चालू, रोग शेवटच्या टप्प्यात. त्याने खिशातून एक बाटली काढली; लेबल नाही, नाव नाही, काही नाही. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर कोणीतरी ‘गांजाचं तेल, सगळं दुखणं जातं’ म्हणून विकली होती. हे किती पाजू, असं तो मला विचारत होता. बाटलीत काय आहे ते देवाला ठाऊक, आणि पोलिसांच्या हाती लागली असती तर अडकला असता हा, विकणारा कधीच पसार. मी त्याला हॉस्पिटलच्याच वेदना-विभागात पाठवलं. तिथे दुखण्यावर डॉक्टर असतात आणि मोजून औषध देतात, हे त्याला आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. फाटकाबाहेरच्या माणसाला मात्र त्याने दोन मिनिटांत शोधलं होतं. ताईने हे ऐकलं आणि म्हणाली, "अरेरे." मग म्हणाली, "पण माझ्या बाटलीवर लेबल आहे."

होतं. त्या दिवशी होतं.

त्याच संध्याकाळी मी दुबईच्या विमानतळावर काय नेता येत नाही ती यादी मोबाइलवर उघडली. हवी ती ओळ शोधली: भांगेच्या झाडापासून बनलेलं काहीही चालत नाही. बी, पान, फूल असे तुकडे करत बसायची त्यांना हौस नाही. मी ताईला फोन करून सांगितलं आणि यादी बंद केली. काम झालं.

बाळंतपणाच्या सामानापैकी लाडू माझ्याकडे होते. ताईला परातीपुढे बसवत नव्हतं. एका रविवारी मी आईच्या प्रमाणाने दोन किलो डिंकाचे लाडू केले: तुपात फुलवलेला डिंक, खारकेची पूड, किसून भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेली खसखस, वेलची, गूळ. डबे भरले, गिरगावात पोचवले.

विमान शनिवारी पहाटेचं. गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून बॅग तपासायला गेले. भावोजी आरामखुर्चीत, ताई पलंगावर पाय लांब करून, आणि पलंगभर तिच्या बाटल्या.

ताईच्या घरातून बाटली कधी बाहेर जात नाही. खोकल्याच्या औषधाची, गुलाबपाण्याची, सरबताची, सगळ्या धुऊन, वाळवून माळ्यावर. कोकणातून खोबरेल आलं की ती मापाने सहा घरी ओतून देते, प्रत्येकाला वेगळ्या बाटलीत. कशात काय ते तिला पाठ असतं, म्हणून चिठ्ठी चिकटवायची पद्धत नाही. आता वजन कमी करायला तिने काचेच्या बाटल्यांतलं सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांत ओतलं होतं. पाच बाटल्या, तोंडाला पिशवीचा तुकडा आणि रबरबँड.

"यात काय?"

"तीळ तेल."

"यात?"

"खोबरेल. हे बदामाचं. ते पलीकडचं पण तीळ."

"आणि हे?"

"ते बाळाचंच."

मी रबरबँड काढलं. ओल्या गवतासारखा वास. झाकणात थेंब ओतला तर हिरवा.

"बाळाला हिरवं तेल कधीपासून लावायला लागलीस?"

भावोजींनी पेपर खाली केला.

"तूच म्हणालीस चालतं म्हणून," ताई म्हणाली.

"इथे चालतं. तिथलं मी फोनवर सांगितलं होतं."

"तेल तेच, गुडघा तोच. तीन तासांच्या विमानात असं काय बदलतं?"

"कायदा बदलतो."

"आणि त्यांना कळणार कसं? मी लेबल काढूनच टाकलंय." हे तिने मोठ्या समाधानाने सांगितलं.

"म्हणजे आता ते विनानावाचं हिरवं तेल झालं. अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगणार?"

"औषध आहे म्हणून सांगणार. डॉक्टरची चिठ्ठी आहे."

"कुठली चिठ्ठी?"

तिने पासपोर्टची पिशवी उघडली. तीच ती, सेहेचाळीस वर्षांची, वर कोपऱ्यात सात बोटांचं पान छापलेली. पासपोर्टात घालून ठेवलेली. अधिकाऱ्याला शोधायचाही त्रास नको.

"आणि हे पण आहे," भावोजी म्हणाले. त्यांच्या हातात रंगीत प्रिंट काढलेला कागद होता. "ग्रुपवर आलं होतं. भारत सरकारने हेम्पला परवानगी दिलीय. इंग्रजीत आहे, मुद्दाम इंग्रजीत काढलं."

"भावोजी, दुबईवाले भारत सरकारचं ऐकत असते तर ताईला व्हिसा कशाला लागला असता?"

"तसं नव्हे, आपलं सपोर्टिंग म्हणून..."

"तुम्ही पेपर वाचा," ताई त्यांना म्हणाली. नवऱ्याला झापायचं काम ती मला करू देत नाही.

मी बाटलीचं तोंड बांधलं आणि तिच्यासमोर बसले. "हे बघ. तुला पकडलं तर तुझं जे होईल ते होईल. पोरीचा नववा महिना चालू आहे. ती पोट धरून विमानतळावर आईला कुठल्या खोलीत बसवलंय ते शोधत फिरेल. जावयाची नोकरी आहे, त्यांचा तिथला परवाना आहे. एका बाटलीपायी."

ताईने गुडघ्यावर हात फिरवला. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. "मी बसणार कशी गं? बाळाला पायावर घेतल्याशिवाय आंघोळ कशी घालायची? तेवढ्यासाठीच तर चाललेय."

"प्लास्टिकचे टब मिळतात."

"टबात कपडे भिजवतात."

मी बाटली, चिठ्ठी आणि भावोजींचा कागद माझ्या पिशवीत टाकला. बॅगेतलं बाकी सगळं काढून पुन्हा भरलं, प्रत्येक पुडी हुंगली आणि तेवढ्या वेळात बाटलीवर नाव असण्याचे फायदे दोघांना दोनदा सांगितले. ऐकून घेण्यापलीकडे त्यांच्याकडे पर्याय नव्हता.

तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुजलेला, मागे उशांचा ढीग.

"मावशी, तू बघितलंस ना सगळं? आईवर माझा विश्वास नाही."

"बघितलं. वेळेवर आले. तुझी आई हिरवं तेल खोकल्याच्या बाटलीतून आणत होती." मी सविस्तर सांगितलं. चवीने सांगितलं, हे कबूल करायला हवं.

"बाप रे, आई! बरं झालं मावशी आहे. आणि लाडू?"

"लाडू काय, घरचे. मी केलेत."

"खसखस नाही ना घातलीस? इथे बॅन आहे. आईला सांगितलं होतं मी, तुला सांग म्हणून."

मी लाडवांच्या डब्यांकडे पाहिलं.

"मला कुठे म्हणालीस?" ताई म्हणाली.

"आई, दोनदा म्हटलं. मावशी? नाही ना घातलीस?"

"घातलीय," मी म्हटलं.

खसखस अफूच्या बोंडातून येते, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं आहे, आकृतीसकट. पण ते झाड पुस्तकात राहिलं आणि आईच्या डब्यातली खसखस स्वयंपाकघरात. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. मी पुन्हा ती यादी काढली. खसखस त्याच यादीत होती. मी हेम्पची ओळ सापडल्यावर वाचायचं थांबले होते. इतकं बारीक कोण वाचतं.

ताई आधी फुसकन हसली, मग गदागदा, मग गुडघा धरून. "फार्मासिस्ट!" ती म्हणाली. "परवाना दाखवा. लॅब रिपोर्ट दाखवा. लाडवाचा बॅच नंबर काय गं?"

"हसू नकोस. परवा विमान आहे."

"वेलनेस म्हणून घातली असेल," भावोजी पेपरामागून म्हणाले. त्या माणसाने माझ्या लक्षात राहील असं आयुष्यात बोललेलं वाक्य हे एकच.

शुक्रवारची मी पूर्ण रजा टाकली. भावोजींनी डिंक आणि खारीक आणली, भाचीने फोनवर बंदीच्या वस्तूंची यादी पाठवली आणि ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. खसखशीचा दाणा धड दिसतही नाही, पण चिकटतो सगळीकडे; कढई, परात, मिक्सरचं भांडं आम्ही दोनदा घासलं, डबे नवे घेतले. ताईला मी उंच स्टुलावर बसवलं, परात समोरच्या टेबलावर. दुसऱ्या स्टुलावर तिने दुखरा पाय लांब केला आणि लाडू वळायला घेतले. मध्येच ती थांबली, पायांकडे पाहिलं, दुसरा पायही उचलून त्या स्टुलावर ठेवला आणि मांड्यांवर ताट ठेवून परातीतला लाडवाचा गोळा दोन्ही हातांनी अलगद त्यात घेऊन पाहिला.

"असं जमेल की," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तू डिंक बघ, करपतोय."

मग तिने शाळेच्या वहीवर नावासाठी लावतात त्या चिकटपट्ट्या मागवल्या आणि उरलेल्या चारही बाटल्यांवर नावं लिहिली. मराठीत. तिथे ती वाचणार कोण, असं मी विचारलं. "इंग्रजी लेबलांवर काय लिहितात ते पाहिलं मी," ती म्हणाली.

खसखशीचे दोन किलो लाडू त्याच दिवशी इमारतीत वाटले. ज्या वहिनीने ताईला त्या दुकानात नेलं होतं, ती डबा परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, "झकास झालेत हो. खसखस भरपूर घातलीय."

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. पोचली होती. बॅग उघडायला लावली म्हणे. अधिकाऱ्याने लाडवाचा डबा उघडला, एक लाडू फोडून बोटांवर चुरला आणि हिंदीत विचारलं, "माताजी, खसखस? इंडिया की सब लेडीज डालती हैं."

"नहीं डाला," ताई म्हणाली. "छोटी बहन फार्मासिस्ट है."

मग त्याने बाटल्यांकडे बोट दाखवलं. ताईने चिकटपट्टी वाचून दाखवली. त्याला कळली नाही. तेव्हा तिने तिथेच बूच उघडलं, हातावर तीळ तेल घेतलं, साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि टेबलाला टेकून उभ्या-उभ्याच गुडघ्याला चोळायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. त्याने हात जोडून तिला जायला सांगितलं.

बाळ पुढच्या आठवड्यात झालं. दोन स्टुलं लावून, पाय लांब करून, त्या पायांवर ताई त्याला रोज आंघोळ घालते. गुडघा दुखतोच. तिथल्या डॉक्टरने चार व्यायाम दिलेत, ते ती करत नाही. बियांच्या तेलाची बाटली माझ्या स्वयंपाकघरात आहे, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी. कोशिंबिरीला गवताची चव येते.

परवा लाडू कसे लागले ते मी विचारलं.

"कोरडे," ताई म्हणाली. "खसखस हवी होती."

"ताई, बॅन आहे तिथे."

"हो गं, माहीत आहे. पण तू ना, पहिल्यापासून घाबरटच."